रेग्लाचा वाचक

रेग्लाची लाँच साडेसहाला सुटते.
ओदालिसच्या मांडीवर निळा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात चार कुप्या,
झाकणावर तिचा तळवा,
तान्ह्याच्या टाळूवर ठेवावा तसा.

रात्रभर हवानात वीज नव्हती.
दवाखान्याच्या फ्रिजला पहाटे तीनला घाम फुटला
तेव्हा ती आणि रखवालदार
बंदरावरच्या मासळीवाल्याला उठवायला गेले.
बर्फ? या वेळी? कोण वारलं?
अजून कोणी नाही, ती म्हणाली.

सेवेरिनो दारात खुर्ची टाकून बसलेला.
एकतीस वर्षं सिगारच्या कारखान्यात
उंच चौथऱ्यावरून त्यानं वाचलं.
सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी,
मधेच कुणाचं हरवलेलं पाकीट, कुणाच्या मुलीचं लग्न.
खाली दोनशे माणसं पानं वळत
आणि एखादं वाक्य आवडलं
की हातातल्या सुऱ्या फळीवर ठोकत.
रोज दोन सिगार फुकट मिळायच्या.
त्याविषयी तो बोलत नाही.
तीही विचारत नाही.

पहिल्या खेपेला त्यानं हिशेब मागितला होता:
लस आधी टोचतात ना?
रोग घरात येऊन बसल्यावर कसली लस,
बैल गेला नि झोपा केला.

ती म्हणाली, कसं सांगू.
तुमच्या रक्तात एक निरोप्या हिंडतो.
त्याच्यापाशी निरोप एकच: वाढ.
लहानपणी गुडघा फुटला की तोच धावायचा,
खपलीखालची नवी कातडी त्याचीच.
आता तो त्या गाठीच्या दाराशी जातो
आणि तेच वाचून दाखवतो, वाढ, वाढ.
त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.
ही लस तुमच्याच रक्ताला शिकवते
त्याला वाटेत अडवायला.

गाठ मरते?

उपाशी राहते.
कधीकधी.

सेवेरिनो पुष्कळ वेळ समुद्राकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
वाचणारा बरा आहे म्हणायचा,
ऐकणाराच भलता.

आज एकविसावी खेप.
डावा दंड, उजवा दंड,
मग तो भिंतीकडे तोंड करतो, पट्टा सैल करतो.
ज्याच्या ‘आणि मग’साठी
चारशे हात थांबायचे
तो गेल्या वर्षीच्या कॅलेंडरला म्हणतो: हं.
आणि चौथ्या सुईला पुन्हा: हं.

वहीत त्याच्या वरच्या ओळीत मिगदालिया.
तीच लस, तेवढीच मात्रा, तोच वार.
मार्चपुढे तिचे रकाने कोरे.
प्रयोगशाळेतल्या माणसांनी बजावलंय,
कोरा रकानाही नोंदच असते, खोडू नका.
ओदालिसनं खोडलेला नाही.
पण पान उलटताना
ती त्या ओळीवर बोट ठेवत नाही.

आता कॉफी. साखर नाही, साखर आलेली नाही.
आता पुस्तक.
टोचल्यावर अर्धा तास थांबून बघायचं असतं,
ताप, थरथर, काही.
त्या अर्ध्या तासात तो वाचतो.
पूर्वी एका श्वासात पान उलटायचं,
हल्ली स्वल्पविराम नसेल तिथेही थांबतो,
आणि ओदालिसला वाटतं
लेखकाला इथे खरं तर थांबायचंच असणार.
जहाज बुडतंय, नायिकेनं पत्र उघडलंय,
पहिला शब्द तिला दिसलाय,
तेवढ्यात तो पुस्तक मिटतो.

बाकीचं पुढच्या महिन्यात.

पुस्तक तिच्या मावशीकडेही आहे,
कपाटात, वरच्या फळीवर.
तिनं अजून काढलेलं नाही.
उठताना ती कात्री घेते
आणि डब्याच्या झाकणावर ठोकते,
टक, टक, टक.
सेवेरिनो मान झुकवतो, थोडीशी, जुन्या सवयीनं.

परतीच्या लाँचवर बर्फाचं पाणी झालेलं.
डब्याला मासळीचा वास.
शेजारची बाई सरकून विचारते,
काय भाव दिली?